चालता चालता सांगा पाहू

स्मरणशक्तीची तपासणी म्हटली की टेबल, खुर्ची आणि समोर बसलेले डॉक्टर डोळ्यांपुढे येतात. आज वार कोणता, आपलं गाव कोणत्या जिल्ह्यात, मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते, शंभरातून सात वजा करत चला. या सगळ्यात पायांचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र काही अभ्यासकांनी रुग्णाला खुर्चीतून उठवलं, सरळ रेषेत काही मीटर चालायला लावलं आणि तो चालत असतानाच प्रश्न विचारले. उत्तर बरोबर आलं की चूक, यापेक्षा त्यांचं लक्ष पावलांकडे होतं.

याची एक ठळक सुरुवात स्वीडनमधल्या उमेओ शहरात झाली. लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांना सोबत चालवत नेलं आणि वाटेत सहज गप्पा सुरू केल्या. बहुतेकजण बोलत बोलत चालत राहिले. १२ जण मात्र उत्तर द्यायचं म्हटलं की थबकायचे, उत्तर द्यायचे, मग पुढचं पाऊल टाकायचे. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ जणांपैकी १० जण पडले. १९९७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तेव्हा लेख फारच छोटा होता, पण त्याने एक गोष्ट कायमची शिकवली. चालणं हे फक्त गुडघ्यांचं आणि स्नायूंचं काम नाही.

आता हाच प्रयोग जसाच्या तसा दारव्ह्यात केला तर फसेल. यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. इथे बसस्टँडवरून घरी निघालेला म्हातारा माणूस ओळखीचं कोणी दिसलं की थांबतोच. 'राम राम' झाल्याशिवाय, पाऊसपाण्याची आणि कापसाच्या भावाची चौकशी झाल्याशिवाय पुढे जाणं इथे शिष्टाचाराला धरून नाही. शिवाय ज्याला कमी ऐकू येतं तोही थांबतो, कारण समोरच्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय त्याला शब्द कळत नाही. उमेओतलं थांबणं आणि दारव्ह्यातलं थांबणं वरून एकसारखंच दिसतं, पण त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. म्हणूनच नुसत्या निरीक्षणावर न थांबता अभ्यासकांना मोजमापाकडे वळावं लागलं.

मोजमाप तसं सोपं आहे. आधी माणसाला त्याच्या नेहमीच्या गतीने चालायला सांगायचं आणि वेग मोजायचा. मग तेवढंच अंतर, पण आता चालता चालता डोक्याला काम द्यायचं. दोन वेगांमधला फरक काढून तो मूळ वेगाच्या किती टक्के भरतो ते पाहायचं. एखाद्या बाईंचा साधा चालण्याचा वेग सेकंदाला १०० सेंटिमीटर असेल आणि उलटे आकडे मोजताना तो ७८ वर आला, तर घट २२ टक्के. प्रयोगशाळेत यासाठी दाबाची नोंद घेणारी लांब चटई अंथरलेली असते. ती प्रत्येक पावलाची लांबी आणि वेळ टिपते. चटई नसेल तर व्हरांडा, खडूच्या दोन रेघा आणि मोबाइलमधलं घड्याळ यांवरही निदान वेग तरी मोजता येतो.

वेग घटतोच कसा, हा खरा प्रश्न. चालण्याची मूळ लय पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, मेंदूच्या देठात आणि लहान मेंदूत बसवलेली असते. तरुण माणूस सपाट रस्त्यावर चालतो तेव्हा वरच्या मेंदूला त्यात फारसं लक्ष घालावं लागत नाही. पण वय वाढतं, तळपायाची संवेदना कमी होते, नजर मंदावते, तोल सांभाळायला जास्त दक्षता लागते, आणि चालण्याचा कारभार हळूहळू कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे मेंदूच्या अग्रखंडाकडे सरकतो. नेमका हाच भाग हिशेब करणं, दोन गोष्टी एकदम मनात धरणं, नको तो विचार बाजूला सारणं ही कामंही करतो. एकाच विहिरीवर दोन वावरांचं ओलीत असावं तसं हे असतं. पाणी मुबलक असेपर्यंत कोणालाच कळत नाही. विहीर खाली गेली की एका वावरात पाणी सोडताच दुसऱ्याची धार बारीक होते.

हे निव्वळ तर्कावर सांगितलेलं नाही. न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात रॉई होल्टझर, जो वर्गीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्या माणसांच्या कपाळाला प्रकाशकिरणांवर चालणारी पट्टी बांधली. कपाळामागच्या मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती वापरला जातो याचा अंदाज ती देते. नुसतं चालताना आणि बोलत चालताना या नोंदी बदलतात, असं त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. त्यांची बोलायला लावण्याची पद्धतही मजेशीर होती. इंग्रजी मुळाक्षरं एकाआड एक म्हणायची. मराठी वाचकाने हवं तर घरात चालताना करून पाहावं: क, ग, ङ, छ, झ... साधी वर्णमाला पाठ असली तरी दोन ओळींतच जीभ आणि पाय दोन्ही अडखळू लागतात.

ज्यांच्यासाठी ही चाचणी खरोखर महत्त्वाची ठरली ते लोक मधल्या पायरीवरचे आहेत. विसरायला लागलंय हे त्यांना स्वतःला किंवा घरच्यांना जाणवतं. तपासणीतही वयाच्या मानाने गुण कमी पडतात. पण स्वतःची अंघोळ, जेवण, किराणा, बँकेचा व्यवहार, शेतावरच्या मजुरांचा हिशेब हे सगळं ते अजून सांभाळतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या अवस्थेची लक्षणं नीट मांडली. तिचं नाव 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'एमसीआय'. स्मृती-दवाखान्यांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के स्मृतिभ्रंशाकडे जातात. उरलेल्यांतले अनेकजण वर्षानुवर्षं आहेत तिथेच राहतात, आणि काहीजण तर चक्क पुन्हा सामान्य होतात.

वऱ्हाडात या अवस्थेला वेगळं नाव नाही. 'बुढ्याले आता याद राह्यत नाही' एवढ्यावर विषय संपतो, फार तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेतात. घरच्यांचा यात दोष काढण्यात अर्थ नाही. पुढे कोण घसरणार आणि कोण आहे तिथेच टिकणार हे डॉक्टरांनाही केवळ बोलण्यावरून सांगता येत नाही. मेंदूची महागडी चित्रं किंवा पाठीतून पाणी काढून केलेली तपासणी त्याबद्दल बरंच सांगते, पण ती प्रत्येक विसरभोळ्या आजीसाठी करणं कोणत्याच देशाला परवडत नाही.

इथे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं लंडन शहर पुढे येतं. वृद्धरोगतज्ज्ञ मॅन्युएल मोंतेरो-ओदासो यांनी तिथे एमसीआय असलेल्या ११२ जणांना हाताशी धरलं. सरासरी वय सुमारे ७६ वर्षं. त्यांना आधी नुसतं चालवलं, मग तीन कामं देऊन चालवलं: शंभरापासून एकेक कमी करत उलटं मोजणं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं, आणि प्राण्यांची नावं सांगत जाणं. काहींना सहा वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं. त्या काळात २७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. उलटं मोजताना ज्यांचा वेग २० टक्क्यांहून जास्त घटत होता त्यांच्यात स्मृतिभ्रंशाकडे जाण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ पावणेचारपट होतं. प्राण्यांची नावं घेताना घट मोठी असलेल्यांत ते सुमारे २.४ पट. हा अभ्यास २०१७ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त आला.

त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच होती. नुसतं सावकाश चालण्याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध त्या अभ्यासात ठामपणे सिद्ध झाला नाही. गुडघे धरलेले, वजन वाढलेले, दम लागणारे असे कितीतरी लोक सावकाश चालतात. पण स्वतःच्याच वेगाशी तुलना केली की गुडघ्याचा हिस्सा बऱ्याच अंशी वजा होतो, कारण गुडघा दोन्ही वेळी तोच असतो. जो फरक उरतो त्यात डोक्याच्या कामाचा वाटा मोठा. या चाचणीची खरी हुशारी इथे आहे, आणि तिच्यासाठी यंत्र लागत नाही, म्हणून तालुक्याच्या गावाला ती मोठ्या शहरातल्या यंत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते.

पण काम कोणतं द्यायचं? इथे घाई केली तर चाचणी फसवते. शंभरातून सात वजा करत जाणं हे शाळा शिकलेल्यासाठीही कटकटीचं असतं. ज्या आजींनी पाटी कधी हातात धरली नाही त्यांना ते दिलं तर त्या चालायच्याच थांबतील, आणि त्यात आजाराचा काही भाग नसेल. उलट, जुन्या मराठी शाळेत पावकी-निमकी, दीडकी-अडीचकी घोकलेल्या मास्तरांना 'सत्ताविसाचा पाढा म्हणत चला' म्हटलं तर ते पाऊल न चुकवता म्हणून दाखवतील. घोकलेली गोष्ट जिभेवर असते, तिला अग्रखंडाचं लक्ष फारसं लागत नाही. तोच पाढा शेवटून म्हणायला सांगितला की मास्तरांचीही गती मंदावेल. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा-मोतीबाग, यवतमाळ ही शकुंतला रेल्वेवरची नावं जुन्या माणसांना या क्रमाने बोलता बोलता येतात. मधली छोटी स्टेशनं धरून उलट क्रमाने सांगायची म्हटली तर थांबून विचार करावा लागतो. डोक्याला खरं काम तेच.

प्राण्यांची नावं हे काम त्या मानाने न्याय्य आहे. त्याला शाळा लागत नाही. दारव्हा तालुक्यातला शेतकरी बैल, गाय, म्हैस, शेळी इथून सुरुवात करेल, मग पिकात घुसणारे रोही आणि रानडुक्कर आठवतील, मग वाघ, कारण याच जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे. घरचे प्राणी संपले की जंगलात जायचं, जंगल संपलं की पाण्यातले आणि उडणारे शोधायचे. हे एका गटातून दुसऱ्या गटात जाणं म्हणजेच अग्रखंडाचं काम, आणि पाय नेमके त्या वळणावर रेंगाळतात. भाषेचंही पाहायला हवं. तांड्यावरच्या आजी घरात गोरमाटी बोलतात, जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर कोलामी चालते. त्यांच्याकडून मराठीत नावं मागणं म्हणजे तिसरंच काम डोक्यावर टाकणं.

हा विचार भारतात नवा नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागात नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर, शेतकरी वृद्धांसाठी स्मरणशक्तीची चाचणी हिंदीत नव्याने बांधली, १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. चालतानाच्या चाचणीलाही हे काम छान शोभतं. रविवार, शनिवार, शुक्रवार... वार सगळ्यांना येतात, उलटे मात्र कोणी घोकलेले नसतात.

वारीचा विषय इथे निघणारच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, आणि विदर्भातली सत्तरी ओलांडलेली माणसंही हरिपाठ म्हणत, टाळ वाजवत पायी वाट धरतात. म्हणजे ही सगळी माणसं दोन-दोन कामं एकदम करतात, मग त्यांची परीक्षा झालीच की, असं कोणी म्हणेल. तसं नाही. आयुष्यभर म्हटलेला अभंग हे पाढ्यासारखंच ओठांवरचं धन आहे, आणि टाळाचा ठेका पावलांना अडवण्याऐवजी धरून ठेवतो. पार्किन्सनच्या रुग्णांना ठरावीक ठेका ऐकवला तर त्यांचं चालणं सुधारतं, हे १९९६ पासून अभ्यासांत दिसलेलं आहे. वारीत न अडखळणारा माणूस बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब करताना अडखळू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

ज्या गावात दुहेरी कामाची चाचणी घेणारंही कोणी नाही, तिथल्यासाठी जो वर्गीज यांनी २०१३ मध्ये त्याहून सोपी चाळणी सुचवली. दोनच गोष्टी पाहायच्या: विसरण्याची तक्रार आहे का, आणि चालण्याचा वेग त्या वयाच्या, त्या लिंगाच्या इतर लोकांपेक्षा बराच कमी आहे का. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, आणि स्मृतिभ्रंश अजून झालेला नसला, तर पुढचा धोका जास्त. २०१४ मध्ये १७ देशांतल्या २६,८०२ वृद्धांची माहिती एकत्र केली तेव्हा ९.७ टक्के लोक या चाळणीत अडकले, आणि त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट निघाला. भारतात याच धर्तीचं काम केरळमध्ये कोझिकोडला झालं. विदर्भात तशी मोजणी झाली तर कापूसवेचणीत आयुष्य गेलेल्या बायकांचा 'नेहमीचा वेग' किती, हे पहिल्यांदाच कागदावर येईल. केरळचा किंवा कॅनडाचा आकडा त्यांना लावणं चूक ठरेल.

देशाचा आकडा मात्र हाताशी आहे. 'लासी-डॅड' या सर्वेक्षणाच्या २०२३ मधल्या निष्कर्षांनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे जिथे मेंदूचे डॉक्टर सर्वांत कमी, तिथेच गरज सर्वांत मोठी. दारव्ह्याच्या माणसाला तज्ज्ञ तपासणीसाठी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं, नाहीतर थेट नागपूर. अशा वेळी कोणाला आधी पाठवायचं हे ठरवणारी पाच मिनिटांची चाचणी गावातच घेता आली तर एसटीच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

चाचणीचा दुसरा उपयोग तर आजच्या आजचा आहे: पडणं टाळणं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं अनेकदा पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. ज्यांची पावलं डोक्याच्या कामाने अडखळतात त्यांनी पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून बांधावरून जाताना फोनवर बोलू नये, रस्ता ओलांडताना हिशेब करू नये, आणि सोबतच्या माणसानेही त्या क्षणी प्रश्न विचारू नयेत. औषधाविना होणारा हा बचाव आहे, आणि तो सुनेला, नातवाला, शेजाऱ्याला कोणालाही जमतो.

मग इलाज? स्मृतिभ्रंश हमखास थांबवणारी गोळी नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून दूर राहणं बरं. पण मोंतेरो-ओदासो यांच्याच चमूने कॅनडातल्या पाच ठिकाणी एमसीआय असलेल्या १७५ जणांवर एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे, दम लागेल असा आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. काहींना त्याच्या जोडीला संगणकावर मेंदूचे सराव. काहींना ड जीवनसत्त्व. व्यायाम करणाऱ्यांचे स्मरण-आकलनाचे गुण सुधारले, मेंदूचा सराव जोडला तेव्हा सुधारणा थोडी जास्त दिसली. ड जीवनसत्त्वाने वेगळा फायदा झाला नाही. सुधारणा काही चमत्कार नव्हती, पण ती खरी होती, आणि तिच्यासाठी लागणारी साधनं दारव्ह्यातही मिळतात: थोडी मोकळी जागा, कोणाची तरी सोबत, आणि रोजचा नेम.

घरात कोणी बोलताना थबकू लागलं असेल, सवयीच्या वाटेवर रेंगाळू लागलं असेल, तर त्यांना रस्त्यात अडवून परीक्षा घेऊ नका. चालताना कोडी घालणं म्हणजे पडायला निमंत्रण. डॉक्टरांकडे न्या आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा: काय विसरतात, आणि कधी थांबतात. आधी कान, डोळे, रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवा, मन खिन्न असतं का तेही सांगा. यांतली बरीच कारणं उपचाराने सुधारतात. ती बाजूला झाल्यावरही पाय अडत राहिले, तर चालता चालता वार उलटे म्हणवून घेण्याची चाचणी व्हावी असा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरा.